विद्यापीठातून बाहेर पडलेले वर्ग

तोल सांभाळायला शिकवणारे, स्नायू बळकट करणारे, मधुमेह-संधिवातासोबत नीट जगायला शिकवणारे ज्येष्ठांचे वर्ग अमेरिकेत आज वाचनालयात, चर्चच्या सभागृहात, ज्येष्ठांच्या वसाहतींमध्ये भरतात. त्यातले बरेचसे मुळात विद्यापीठांचे संशोधन प्रकल्प. ते तिथून वस्तीत कसे आले, हे पाहायला गेलं की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: अनुदान संपल्यावर वर्ग घ्यायचा कोणी?

जागा आणि माणसं यांची सोय आधी झाली. १९६५ साली ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’ आला आणि १९७३च्या दुरुस्तीनंतर भागाभागांत ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांचं जाळं उभं राहू लागलं. या संस्था जेवण पुरवत, घरपोच मदत करत, पण आरोग्याचे पारखून घेतलेले कार्यक्रम त्यांच्याकडे क्वचितच असत. विद्यापीठांचं नेमकं उलटं होतं. १९८४ साली अमेरिकी संसदेने विद्यापीठांमधल्या प्रतिबंधक आरोग्य संशोधन केंद्रांना मंजुरी दिली. या केंद्रांनी स्थानिक लोकांना सोबत घेऊन काम करावं, ही अपेक्षा होती.

स्टॅनफर्डमध्ये मात्र त्याआधीच एक वेगळी वाट सापडली होती. तिथल्या संशोधक केट लोरिग यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले आणि ते शिकवायला सामान्य माणसांना तयार केलं. पुढे त्यातूनच कुठल्याही जुनाट आजारासाठी चालेल असा कार्यक्रम बेतला गेला: सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, दोन गटचालक. त्यातल्या निदान एकाला स्वतःलाच जुनाट आजार असावा, असा संकेत. दर आठवड्याला प्रत्येकाने आपला बेत सांगायचा: काय करणार, किती, कधी आणि किती वेळा. ‘जरा चालत जाईन’ म्हणून भागत नाही. मग गटचालक विचारतो, हे जमेल याची खात्री शून्य ते दहामध्ये किती? उत्तर सातच्या खाली आलं की बेत सोपा करायचा. मला या कार्यक्रमातला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण यात उपदेशाला जागाच उरत नाही. १९९९ साली ९५२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि कार्यक्रमाला वजन आलं.

बोस्टनची गोष्ट अधिक बोलकी आहे. पडण्याच्या धास्तीने माणूस घराबाहेर जाणं टाळतो, हालचाल कमी झाली की पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी या भीतीवरच दोन-दोन तासांच्या आठ बैठकींचा कार्यक्रम तयार केला. बोस्टन परिसरातल्या ज्येष्ठांच्या ४० वसाहतींमध्ये ४३४ जणांवर केलेली चाचणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. परिणाम माफक होता, पण निदान पाच बैठकींना आलेल्यांमध्ये तो जास्त ठळक दिसला. अडचण पुढेच होती. वर्ग घ्यायला आरोग्य क्षेत्रातले व्यावसायिक लागत, आणि त्यांचं मानधन कुठल्या छोट्या केंद्राला परवडणार?

तोडगा निघाला जवळच्या मेन राज्यात. तिथल्या आरोग्य आणि ज्येष्ठसेवा क्षेत्रातल्या संस्थांनी एकत्र येऊन तोच अभ्यासक्रम प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या हाती दिला. वर्ग घेणारेही अनेकदा ज्येष्ठच. साध्या माणसांच्या हाती गेल्यावर कार्यक्रमाचा परिणाम पातळ होईल, ही शंका रास्त होती. म्हणून पुन्हा मोजमाप झालं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या वर्गातूनही फायदा होतो, असं दिसलं. हा कार्यक्रम पुढे देशभर पसरला तो या स्वयंसेवकांच्या साच्यामुळे.

सिएटलजवळच्या एका ज्येष्ठ केंद्रातही वॉशिंग्टन विद्यापीठाच्या साथीने व्यायामवर्गाची चाचणी झाली, १९९८च्या सुमारास, शंभर जणांवर. ‘एन्हान्सफिटनेस’ हा वर्ग त्यातूनच वाढला. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, ही त्यातली एक मोजणी. आकडा संशोधकाच्या वहीत जातो तसा त्या माणसालाही कळतो, आणि मला वाटतं, लोकांना वर्गाकडे पुन्हा खेचण्यात त्याचाही हात असावा.

२००१ ते २०१४ या काळात ‘हेल्दी एजिंग रिसर्च नेटवर्क’ने अशा विद्यापीठांना एकत्र बांधलं. २००३पासून केंद्र सरकारचं ज्येष्ठ विभागाचं अनुदान पारखलेल्या कार्यक्रमांकडे वळलं. २००८च्या मंदीनंतरच्या मदतनिधीतून स्टॅनफर्डचा कार्यक्रम ४५ राज्यांत गेला. ऑक्टोबर २०१६पासून तर ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’खालचा आरोग्यसंवर्धनाचा निधी पुराव्याच्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या कार्यक्रमांपुरता राखला गेला. त्याची दुसरी बाजूही आहे. एखाद्या ज्येष्ठ केंद्राने स्वतः वर्षानुवर्षं चालवलेला चांगला वर्ग, चाचणी झालेली नाही म्हणून, त्या निधीबाहेर राहतो. आणि चाचणी करायला पुन्हा विद्यापीठच लागतं.

स्टॅनफर्डचे वर्ग मात्र २०१७ साली विद्यापीठातूनच बाहेर पडले. प्रशिक्षण आणि परवान्याचं काम आता लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली ‘सेल्फ-मॅनेजमेंट रिसोर्स सेंटर’ ही स्वतंत्र संस्था पाहते.