‘हरिपूर’चं ‘हिरपूर’: मोकळ्या परवान्याची मराठी पीडीएफ करताना

सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं प्रसिद्ध आहेत. समजा, या पेवांवर 24 पानांची पुस्तिका करून ती मोकळ्या परवान्याने, म्हणजे कुणालाही वापरायची, बदलायची आणि वाटायची मुभा देऊन, सगळ्यांना द्यायची आहे. मजकूर झाला, पीडीएफ झाली, दुसऱ्या पानावर परवानाही छापला. आता त्या पीडीएफमध्ये ‘हरिपूर’ शोधा. अनेक मराठी पीडीएफमध्ये असा शब्द सापडतच नाही, आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर ‘हिरपूर’ उमटतो.

कारण पीडीएफच्या रचनेतच आहे. 1993 साली अडोबीने आणलेला आणि 2008 पासून आयएसओ 32000 म्हणून जागतिक मानक झालेला हा प्रकार मुळात आकार मांडतो: कोणता आकार पानावर कुठे बसवायचा, एवढं त्याला पुरतं. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरं साठवायची जागतिक पद्धत. ‘रि’ युनिकोडमध्ये लिहिताना आधी र, मग पहिली वेलांटी येते. पानावर मात्र वेलांटी र च्या डावीकडे बसते. आकार डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की ह, वेलांटी, र असा क्रम लागतो आणि ‘हिर’ तयार होतं. आकारांच्या मागे मूळ मजकूर ठेवायची सोय पीडीएफमध्ये आहे, पण फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ती वापरायला हवी. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टची गत याहून वाईट. तिथे मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे कॉपी केल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं हाती येतात. डीटीपीवाल्याकडून अशी फाइल आली तर आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलावा आणि जोडाक्षरं एकेक करून तपासावीत.

या कामाला लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या सॉफ्टवेअरची अलीकडची आवृत्ती पुरते. चित्रांची मांडणी गुंतागुंतीची असेल किंवा छापखान्याला कापणीसाठी 3 मिलिमीटर जादा कड हवी असेल, तर स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर घ्यावं. देवनागरी नीट जुळवायची तर त्याची 1.6 आवृत्तीच वापरावी, जुनी 1.4 जोडाक्षरं तोडते. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींचा स्रोत खुला आहे.

रायटरमध्ये पहिली ठेच फॉन्टपाशी लागते. देवनागरीचा फॉन्ट स्टाइलमधल्या ‘सीटीएल फॉन्ट’ (सीटीएल म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) या वेगळ्या रकान्यात निवडावा लागतो. ‘वेस्टर्न’ रकान्यात कितीही बदल केले तरी मराठी मजकूर हलत नाही. तिथेच भाषाही मराठी करावी. ती हिंदी राहिली तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि मराठी वाचकाला ते लगेच खटकतात. नोटो सॅन्स देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. ते फाइलमध्ये जोडता येतात, वाटता येतात, आणि त्यामुळे पुस्तिकेचा परवाना बदलत नाही.

पान ए5, म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटर. मधोमध टाचायची असेल तर पानांची संख्या 4 च्या पटीत हवी; 24 चालतात. पानभर रुंदीचा फोटो 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) छापायचा तर तो साधारण 1,750 पिक्सेल रुंद लागतो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेलं चित्र आधीच आक्रसलेलं असतं, म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. शीर्षकं हाताने ठळक करू नयेत, ‘हेडिंग 1’, ‘हेडिंग 2’ या स्टाइल लावाव्यात. पीडीएफमधली अनुक्रमणिका आणि दृष्टिहीनांच्या वाचन-सॉफ्टवेअरला लागणाऱ्या खुणा त्यांच्यातूनच तयार होतात.

पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून जाऊ नये, त्या वाटेने या खुणा गळतात. ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ उघडून ‘टॅग्ड पीडीएफ’ आणि ‘आउटलाइन’ वर खूण करावी. मोबाइलवर वाटायच्या प्रतीसाठी चित्रं 150 डीपीआय आणि जेपेग दर्जा 80 ठेवला तरी वाचायला अडचण येत नाही. याच खिडकीत ‘हायब्रिड पीडीएफ’ नावाचा पर्याय आहे आणि मोकळ्या पुस्तिकेसाठी तो फार मोलाचा आहे. तो निवडला की मूळ ओडीएफ, म्हणजे रायटरची संपादन करता येणारी फाइल, पीडीएफच्या पोटातच बसते, आणि कुणीही ती लिबरऑफिसमध्ये उघडून दुरुस्त करू शकतं. पीडीएफ-ए या दीर्घकाळ जतनासाठीच्या मानकातली संग्रहाची प्रत मात्र वेगळी काढावी, कारण त्या मानकाच्या 1 आणि 2 या भागांत ओडीएफ पोटात ठेवता येत नाही. पासवर्ड किंवा कॉपीबंदी अजिबात लावू नये. क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्यांच्या संचाच्या अटींनुसार, घेतलेला मजकूर पुढे वाटणाऱ्यालाही इतरांचे हक्क अडवणारी असली तांत्रिक कुलपं लावायला मनाई आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांपैकी अशा पुस्तिकेला ‘श्रेय, समवाटप 4.0’, म्हणजे सीसी बाय-एसए, सर्वांत योग्य वाटतो. मराठी विकिपीडियाचा मजकूरही त्याच परवान्याखाली आहे, त्यामुळे देवघेव सहज होते. ‘अव्यावसायिक’ अट घातली तर विकिपीडियाला तो मजकूर घेता येत नाही. ‘बदल नको’ ही अट तर सांगली जिल्ह्यात थेट आड येते: जतच्या कन्नड वाचकांसाठी भाषांतर करून वाटायचं तरी पुन्हा वेगळी परवानगी काढावी लागेल. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून लेखक, फोटो काढणारे, चित्रकार सगळ्यांची लेखी संमती आधी घ्यावी. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक चित्राखाली नाव, कर्ता, कुठून घेतलं आणि परवाना या चार गोष्टी लिहाव्यात.

छापलेली ओळ माणसाला दिसते. शोधयंत्रासाठी परवान्याची लिंक फाइलच्या मेटाडेटातही, म्हणजे फाइलविषयीच्या आतल्या नोंदींतही, हवी. एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं, पण ते अगदी शेवटी चालवावं. नंतर पीडीएफ पुन्हा काढली की ती नोंद पुसली जाते.

वाटण्याआधी पॉपलर या पीडीएफ तपासायच्या साधनांच्या संचातलं ‘पीडीएफफॉन्ट्स’ चालवावं. ‘एम्ब’ (फॉन्ट फाइलमध्ये जोडला आहे का) आणि ‘युनि’ (आकारांमागे युनिकोड आहे का) या दोन्ही रकान्यांत प्रत्येक फॉन्टपुढे ‘येस’ दिसायला हवं. पण ‘येस’ दिसलं तरी वेलांटीचा क्रम बरोबर असेलच असं नाही. म्हणून ‘पीडीएफटूटेक्स्ट’ने मजकूर बाहेर काढून त्यात हरिपूर, मिरज, शिराळा हे शब्द शोधावेत. तिन्हींत पहिली वेलांटी आहे. एकही चुकला तर फाइल पुन्हा रायटरमधून काढायची.