२७ सप्टेंबर : पोलंडच्या भूमिगत राज्याचा दिवस

पोलंडच्या संसदेने १९९८ मध्ये ठराव करून २७ सप्टेंबर हा ‘पोलिश भूमिगत राज्य दिन’ ठरवला. भूमिगत राज्य म्हणजे दुसऱ्या महायुद्धात परक्यांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये गुप्तपणे चालणारी सेना आणि शासनव्यवस्था. ही तारीख मात्र सहज पटणारी नाही.

२६ सप्टेंबर १९३९ रोजी, वॉर्साला जर्मन वेढा पडलेला असताना, रुमानियाहून एक विमान शहरात उतरले. त्यातून आलेल्या अधिकाऱ्याजवळ परागंदा सरसेनापतीचा आदेश होता : गुप्त संघटना उभारा. शरणागती तोंडावर आलेली. शहराचा बचाव सांभाळणाऱ्या सेनापतीने २६-२७ च्या रात्री ते काम दुसऱ्याच एका जनरलवर सोपवले. पण ही संघटना दोन महिनेही टिकली नाही. पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या (आणि पुढे लंडनला गेलेल्या) नव्या पोलिश सरकारचा जुन्या राजवटीच्या माणसांवर भरवसा नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्याने आपली वेगळी संघटना काढली आणि १४ फेब्रुवारी १९४२ रोजी तिचेच नाव ‘स्वदेशी सेना’ झाले. १९४४ मध्ये या सेनेत साडेतीन लाखांहून अधिक माणसे होती. मग दिवस फेब्रुवारीत का नाही?

संसदेची निवड मला योग्य वाटते. हा दिवस एकट्या सेनेचा नाही. या राज्याची गुप्त न्यायालये होती, वृत्तपत्रे होती. जर्मनांनी माध्यमिक शाळा आणि विद्यापीठे बंद केल्यावर कुणाच्या तरी घरात पाच-सात मुले जमत, पुढच्या वेळी पत्ता बदलत, आणि अशा वर्गांतून शालान्त परीक्षाही होत. ज्यूंना मदत करणारी एक परिषद याच राज्याच्या आधाराने १९४२ च्या अखेरीस उभी राहिली.

शेवट कटू झाला. मार्च १९४५ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी बोलणी करायची म्हणून या राज्याच्या १६ नेत्यांना बोलावले आणि पकडून मॉस्कोला नेले. जूनमध्ये त्यांच्यावर खटला चालला. जुलैत ब्रिटन-अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतले हजारो पोलिश निर्वासितही याच सरकारच्या आधाराने राहत होते.

साम्यवादी राजवटीत यातले बरेच काही उघडपणे बोलता येत नसे. १९९९ मध्ये वॉर्सात संसदेसमोर स्मारक उभे राहिले. २०११ मध्ये १ मार्च हा युद्धानंतरच्या साम्यवादविरोधी सैनिकांचा दिवस ठरला. त्यांतल्या काहींनी पोलंडमधल्याच बेलारूसी वस्तीच्या खेड्यांत केलेल्या हत्यांमुळे तो अजून वादात आहे. २०२५ मध्ये १४ फेब्रुवारीलाही राष्ट्रीय स्मृतिदिनाचा मान मिळाला.