नागपूरच्या उन्हापावसात घरचा साठा टिकतो कसा

२३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत १०० मिलीमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीकाठच्या वस्त्यांमधे लोक झोपेत असताना तळमजल्यात पाणी शिरलं. त्याच्या आधी २०२० चं लॉकडाऊन होतं, किराणा दुकानासमोरच्या लाइनी आपण सगळ्यांनी पाहिल्या. तेव्हा घरात दोन-तीन आठवड्यांचा जास्तीचा किराणा असावा हे आता कोणाला पटवून सांगायची गरज नाही. माझं सांगणं एवढंच की भरायचं ते अख्खं अन् कोरडं भरा, कारण आपल्याकडे मे मधे पारा ४५ च्या वर जातो अन् ऑगस्टमधे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, हे दोन्ही त्या डब्यातल्या धान्याला सोसायचं असतं.

आधी ओलाव्याचं बघू. बुरशीला वाढायला पाणी लागतं, अन् ते दिसणारं पाणी असायची गरज नाही, दाण्याच्या आत मुरलेलं असतं तेवढंही पुरतं. गव्हात ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर बुरशीचं काही चालत नाही, १४ च्या वर गेला की ती डोकं काढते. पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल असेल तर दाणा हवेतला ओलावा ओढून घेतो अन् महिनाभरात तिथपर्यंत पोचतो. घरी ओलावा मोजायचं मशीन कुठून आणणार, पण दाणा दाताखाली कट्ट वाजून फुटला पाहिजे ही जुनी परीक्षा चांगली आहे, चेपला तर अजून एक ऊन लागेल. म्हणून मृग लागायच्या आत धान्य वाळवून भरून ठेवायची आपल्याकडची पद्धत होती अन् ती अजूनही बरोबरच आहे.

आता सोंडे. तांदूळ आणला तेव्हा एकदम स्वच्छ होता, डबा बंद होता, मग किडे आले कुठून असं सगळेच विचारतात. तर ते दाण्याच्या आतूनच येतात. सोंडकिड्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते अन् चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. अळी आतल्या आत दाणा पोखरत मोठी होते अन् गरम हवेत साधारण महिनाभरात पूर्ण किडा होऊन बाहेर पडतो. म्हणजे निवडून, चाळून हे जात नाही. त्याला मारायला उष्णता लागते, अन् ती नागपुरात फुकट आहे. कडधान्यातला भुंगेरा अंड्यासकट मरायला ५७ अंशांवर एक तास पुरतो असं प्रयोगांत दिसलंय, अन् मे च्या दुपारी गच्चीवर काळ्या ताडपत्रीवर पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक टाकलं, कडा दाबून ठेवल्या, तर धान्य एवढं तापू शकतं. मग सावलीत पूर्ण थंड होऊ द्या, गरम भरलं तर झाकणाला आतून वाफ धरते अन् केलेलं सगळं वाया जातं. डबा घट्ट झाकणाचा घ्या अन् गळ्यापर्यंत भरा, आत हवा कमी राहिली की उरलेल्या किड्यांना ऑक्सिजन पुरत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, धान्यात सल्फासच्या गोळ्या घरात अजिबात टाकू नका. ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन गॅस सुटतो अन् त्यावर उतारा नाही. अशी कोठी जिथे ठेवली त्याच खोलीत लोक झोपले अन् जीव गेले असं घडलेलं आहे.

पीठ मात्र साठवायची वस्तूच नाही. दाणा फुटला की आतलं तेल हवेला लागतं, दाण्यातलेच एन्झाइम ते तोडायला लागतात अन् पीठ खवट होत जातं. बाजरीत तेल ज्वारी-गव्हापेक्षा जास्त, म्हणून तिचं पीठ काही दिवसांतच कडू लागतं. त्यात तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात, मग आपल्या उन्हाळ्याचा हिशोब तुम्हीच करा. अख्खे गहू ठेवा, पीठ दहा-पंधरा दिवसांचं.

तूर-चण्याचंही एक आहे, उष्ण दमट जागी खूप दिवस राहिलं की दाणा शिजेनासा होतो. त्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियमबरोबर घट्ट बसतं अन् मग कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, दाणा टचटचीतच. ऐन अडचणीत गॅस संपत आलेला अन् डाळ शिजून नाही राहिली, असं नको. म्हणून जुनं आधी वापरा, नवं त्याच्या मागे ठेवा.

गॅसवरून आठवलं, पोहे. तर्री पोहे रोज खाणाऱ्या आपल्या शहराला पोह्यांचं कौतुक सांगायला नको, पण त्यामागचं विज्ञान बघा. कच्च्या तांदळातलं स्टार्च फुगायला ६५-७० अंशांच्या वर तापलेलं पाणी लागतं. पोहे करताना धान भिजवून, भाजून मगच कुटतात, म्हणजे स्टार्च आधीच शिजून गेलेलं असतं अन् नुसत्या साध्या पाण्यात ते दहा मिनिटांत मऊ होतात. मुरमुरे, फुटाणे, सातूचं पीठ हेही सगळं आधीच भाजलेलं. वीज नाही, गॅस नाही अशा दोन-तीन दिवसांसाठी पोहे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ एवढं वेगळ्या डब्यात असू द्या, लहान पोरंही खातात.

पुराचं पाणी ज्याला लागलं ते पीठ, धान्य सरळ फेका, त्यात गटाराचं पाणी असतं अन् वाळवून ते शुद्ध होत नाही. म्हणून डबे वरच्या फळीवर ठेवा, सोबत टॉर्च, सेल, मेणबत्ती, माचिस अन् नेहमीची औषधं, ओआरएसची पाकिटं. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर तरी धरा, उन्हाळ्यात जास्त. अन् पाण्यात टाकायचं क्लोरीनचं लिक्विड उन्हाळाभर किचनमधे पडलेलं असेल तर त्याचा दम गेलेला असतो, गरमीत ते लवकर विघटित होतं, त्यापेक्षा पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या ठेवा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच टाका अन् अर्धा तास थांबून मग प्या.