खुलासा: ‘विमा भरलाय, पाण्यात गाडी गेली तरी चिंता नाही’

जून उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच: गाडीचा विमा असेल तर पावसात गाडी बुडाली तरी सगळा खर्च कंपनी देते.

तसा समज होणं साहजिक आहे, कारण कागद एकच दिसतो. पण आत दोन वेगळे विमे असू शकतात. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा. तो तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरतो, तुमच्या गाडीचं नाही. तो स्वस्त असतो: 2022 च्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2,094 रुपये, वर कर. पुराचं नुकसान ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात येतं.

पॉलिसीचा पहिला कागद काढा. ‘ओन डॅमेज प्रीमियम’समोर रक्कम नसेल, तर त्या पॉलिसीत फक्त थर्ड पार्टी आहे.

रक्कम असली तरी खरी मेख इंजिनाची. मुंबईत पाणी तुंबणाऱ्या मिलन सबवेत गाडी बंद पडली, आपण सवयीने पुन्हा चावी फिरवली, पाणी आत ओढलं गेलं, इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकला. हे ‘परिणामी नुकसान’ (थेट पुराने नाही, नंतरच्या कृतीने झालेलं) धरून साध्या पॉलिसीत बहुधा नाकारतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकलम वेगळं घ्यावं लागतं. (त्यातही अटी असतात, वाचून घ्या.) शिवाय प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापतात, ‘झीरो डेप’ हे घसारा न कापण्याचं जोडकलम असेल तर नाही.

म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, टोइंग मागवा.