लाल कांदा, उन्हाळ कांदा आणि वीज

नाशिकरोड जवळ आलं की एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र दिसतं आणि डब्यात कोणीतरी म्हणतंच, "बघा, केवढा धूर!" बिचाऱ्या त्या पांढऱ्या ढगाची उगाच बदनामी होते. शीतकरण मनोऱ्यांतून निघणारी ती निव्वळ पाण्याची वाफ. खरी चिंतेची गोष्ट शेजारच्या उंच चिमणीतून जाते, आणि ती, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, डोळ्यांना दिसतच नाही.

नाशिकच्या जमिनीखाली कोळशाची खाण नाही. आपण बसलोय ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची, काळ्या बेसॉल्टची थप्पी. कोळसा विदर्भातला, २५ कोटी वर्षांहून जुन्या गोंडवन खडकांमधला. तो ५०० किलोमीटरहून लांबून मालगाडीनं इथवर येतो. किती येतो? एकलहऱ्याला २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेनं चालला तर ५० लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला ३,५०० टन. म्हणजे एका संचाची एका दिवसाची भूक जवळजवळ एक अख्खी मालगाडी!

त्यातल्या उष्णतेपैकी वीज होते जेमतेम एक तृतीयांश. बाकीची बहुतेक उष्णता त्या पांढऱ्या ढगातून गोदाकाठच्या हवेत जाते. शिवाय आपल्या कोळशात राख फार, वजनाच्या ३० ते ४० टक्के. तिच्या विटा होतात, ती सिमेंटमध्ये जाते. उरलेल्या कार्बनचा हिशेब मात्र उलटा आहे. जळताना तो हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्यामुळे एक किलो कार्बनपासून पावणेचार किलोच्या जवळपास वायू तयार होतो. जाळलं त्याहून जास्त वजन आभाळात जातं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

मग सौर पॅनेल लावून मोकळं का होऊ नये? याचं उत्तर लासलगावच्या बाजारात कोणीही देईल. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, भाव बघून काढता येतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की बाजारात न्यावाच लागतो. कोळसा म्हणजे उन्हाळ कांदा, ढीग घालून ठेवा आणि लागेल तेव्हा जाळा. सौर वीज म्हणजे लाल कांदा. दुपारी बारा वाजता मुबलक, आणि घरोघरी दिवे लागायच्या वेळेला शून्य. देशातल्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी आता जीवाश्म इंधनाविना आहे, ही २०२५ मधली बातमी खरीच. तरी प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या घरात आहे, कारण पॅनेल रात्री झोपतं. पावसाळ्यातही ते पेंगतं. सुदैवानं तेव्हाच नैऋत्येचा वारा जोरात असतो आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या भरात येतात.

पण सगळी वीज विजेच्याच रूपात साठवायला हवी असं कुठंय? शेतपंप बघा. आजवर शेतीला आलटून पालटून रात्रीची वीज मिळत आली. बिबट्याच्या भीतीनं हातात काठी-बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणं निफाड-सिन्नरकडच्या शेतकऱ्याला नवं नाही. खरं तर पिकाला पाणी दुपारी दिलं काय नि रात्री दिलं काय, फारसं बिघडत नाही. पाच एचपीचा पंप उन्हाच्या पाच-सहा तासांत चालवून शेततळं भरलं, की सूर्य पाण्याच्या रूपात साठला. बॅटरी नको, काही नको. उपकेंद्राजवळच्या छोट्या सौर प्रकल्पांतून शेतीला दिवसा वीज देण्याची 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी' योजना याच विचारावर उभी आहे, आणि मला तरी ती छपरांवरच्या पॅनेलांपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते.

यात एक अडचण आहे, आणि ती नाशिकचीच. थंडीत निफाडचा पारा ५ अंशांच्या आसपास घसरतो तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे बागेत पाणी सोडतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ओली माती उष्णता धरून ठेवते, मणी तडकण्यापासून वाचतात. पहाटे चार वाजता कुठला सूर्य? आणि भरलेलं शेततळं शेजारी असलं तरी ठिबकला साधारण दहा मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याइतका दाब लागतो. मोटर लावावीच लागते.

त्या मोटरीची सोय भंडारदऱ्यापलीकडे घाटघरला दिसते. तिथं २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवायचं, गरज पडली की तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवायचं. या येरझाऱ्यात पाचवा हिस्सा किंवा थोडं जास्त वाया जातं, पण पाणी पुन्हा वापरता येतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी एवढ्या उंचीवरून उतरली तर मिळते फक्त एक युनिट वीज. निफाडच्या त्या पाच एचपीच्या मोटरीला पहाटेच्या दोन तासांसाठी लागतात आठ-नऊ युनिट. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावरून उतरलेलं दहाएक हजार लिटर पाणी, एक मोठा टँकर.