मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढतं? कारण ऑक्सिजन नव्हे
ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं आणि फळ्यावर लिहिलं जातं, ‘हवेतला एकपंचमांश ऑक्सिजन संपला, ती जागा पाण्याने घेतली.’ प्राथमिक शाळांत वर्षानुवर्षं दिलं जाणारं हे स्पष्टीकरण चुकीचं आहे.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, हे खरं. पण मेणबत्ती तो सगळा वापरू शकत नाही. बराचसा शिल्लक असतानाच ती विझते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होतच असते.

खरं काम उष्णतेचं. ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावते आणि ग्लास ठेवताना त्यातली काही निसटते. कधीकधी कडेने बुडबुडेही दिसतात. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते, वाफेचं पाणी होतं. आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते.

मुलांना आधी नीट पाहू द्या. ज्योत जळत असताना पाणी किती चढलं? विझल्यावर किती? मग त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या ठेवा. ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं! इथे चौथीतलं मूलही ‘असं कसं?’ विचारतं, आणि त्या प्रश्नासाठी अख्खा तास गेला तरी तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन. काडी मात्र शिक्षकांनीच ओढावी, आणि ग्लास उंच घ्यावा, म्हणजे ज्योत काचेला लागत नाही.