सूर्याचा नको असलेला प्रकाश

सूर्य पाहणाऱ्या दुर्बिणीला प्रकाश कधी कमी पडत नाही. तिची निम्मी यंत्रणा तो बाहेर टाकण्यातच खर्ची पडते. सूर्याचं बाह्य वातावरण, म्हणजे करोना, 10 ते 20 लाख अंश तापलेलं असलं तरी फार विरळ आहे. दृश्य प्रकाशात ते सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लाखपट मंद. जमिनीवरून पाहावं तर दिवसाच्या आकाशाची निळाईच त्याहून उजळ ठरते.

अवकाशात बिंब झाकायला करोनाग्राफ असतो. समोर तबकडी धरली की भागलं असं वाटतं, पण प्रकाश तिच्या कडेवरून वळतो आणि पुन्हा आत शिरतो. तो अडवायला तबकडी मोठी ठेवावी लागते, आणि तिच्या आड करोनाचा सर्वांत आतला भागही जातो. 1995 साली निघालेल्या सोहो यानाचा सी-2 करोनाग्राफ म्हणूनच सूर्याच्या केंद्रापासून साधारण 2 सौर त्रिज्यांपुढचं दाखवतो.

भारताच्या आदित्य-एल1 यानावरच्या व्हेल्क या करोनाग्राफने वेगळी वाट धरली. तिथे दुसऱ्या आरशाला मधोमध भोक आहे. बिंबाची प्रतिमा त्या भोकातून बाहेर काढली जाते आणि करोनाचा प्रकाश तेवढा परावर्तित होऊन पुढे जातो. त्यामुळे 1.05 त्रिज्यांपर्यंत जवळ जाता येतं. मात्र पहिल्या आरशावर आख्खा सूर्य पडतो. त्यावरचा धुळीचा कण किंवा पृष्ठभागाचा किंचित खडबडीतपणा प्रकाश विखुरतो आणि करोना त्यात बुडतो. यानाचा नेम जरा ढळला तर बिंबाची कड भोकाबाहेर येते. युरोपच्या प्रोबा-3 मोहिमेत (उड्डाण श्रीहरिकोटाहून, 5 डिसेंबर 2024) 1.4 मीटरची तबकडी वेगळ्याच यानावर, कॅमेऱ्यापासून सुमारे 150 मीटर पुढे ठेवली आहे. आतला करोना पाहण्याचा मला सर्वांत देखणा वाटणारा उपाय हाच.

अतिनील किरणांत बिंब झाकावं लागत नाही, कारण तिथे करोना स्वतःच उजळ असतो. नासाचं एसडीओ हे सूर्यनिरीक्षक यान 4096 × 4096 पिक्सेलची अशी चित्रं दर 12 सेकंदांनी घेतं. त्यांतले सोनेरी, हिरवे रंग ओळखीपुरते नंतर भरलेले असतात. दृश्य प्रकाश रोखायला पुढे धातूचा अतिशय पातळ पापुद्रा लावतात. उड्डाणाच्या हादऱ्यांत तो फाटू नये म्हणून त्याला बारीक जाळीचा आधार दिलेला असतो. तीव्र सौरज्वालेच्या चित्रात जी फुली उमटते ती या जाळीमुळे. सूर्यावर तसं काही नसतं. यानातल्या गोंदांतून आणि प्लास्टिकमधून निघणारी हायड्रोकार्बनची वाफही जाच देते. ती पृष्ठभागांवर बसते, अतिनील किरणांनी तिथेच पक्की होते आणि चित्रं वर्षागणिक मंदावतात. हे मंदावणं मोजून दुरुस्त केलं नाही, तर सूर्यच निवत चालल्याचा भास होईल.

सोहो आणि आदित्य पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे 15 लाख किलोमीटरवरच्या एल1 या समतोल बिंदूभोवती फिरतात. नेमकं बिंदूवरच थांबावं तर पृथ्वीवरच्या अँटेनाला त्यांच्या मागे सूर्य दिसेल आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात संदेश हरवतील.

जोरदार उद्रेकानंतर वेगवान प्रोटॉन तासाभराच्या आत येऊन कॅमेऱ्याच्या चिपवर आदळतात. चित्रभर पांढरे ठिपके पडतात, बर्फ पडत असल्यासारखे. उद्रेकातून पृथ्वीकडे निघालेल्या तप्त वायूच्या ढगाचा वेग मोजायचा तो नेमका याच तासांत. ठिपके दर चित्रात जागा बदलतात, ढग मात्र सलग पुढे सरकतो. त्यामुळे लागोपाठची चित्रं ताडून पाहिली की त्याची कड बहुधा सापडते.